टाळूवरची तीस इंजेक्शनं

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी गजभियेंच्या टाळूचा फोटो काढते. ते माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर मान खाली घालून बसतात आणि मी फोन घेऊन खुर्चीवर चढते. दिवा लावायचा नाही, पडदा अर्धाच उघडायचा, कारण उजेड बदलला की डेटा बिघडतो. लंडनच्या हॅरो भागात दर महिन्याला सारखा उजेड मिळेल अशी आशा धरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

हे काम माझ्याच गळ्यात का, तर मी फार्मासिस्ट आहे. आठवडाभर काउंटरमागे उभं राहून गोऱ्यांचे खोकले ऐकायचे आणि शनिवार-रविवारी हॅरोपासून एजवेअरपर्यंतच्या तमाम मराठी लोकांची ॲसिडिटी. नाही म्हणायलाही अंगात थोडा जीव लागतो, तो माझ्यात शुक्रवारी दुपारपर्यंतच असतो. नवरा म्हणतो, तूच लाडावून ठेवलंयस सगळ्यांना. नवऱ्याची पाठही मीच चोळून देते, पण ते असो.

गजभिये आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे नागपूरचे, वय शेहेचाळीस, लग्न केलेलं नाही. एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. टेस्टरपणा अंगात इतका मुरलाय, की उशीवर रोज किती केस पडले याचा त्यांच्या लॅपटॉपवर आलेख आहे. कुठलाही वाद निघाला की म्हणणार, "डेटा बोलते ताई, आपण नाही बोलायचं."

मागच्या वर्षाअखेरीपर्यंत या माणसाला टकलाचं काहीएक सोयरसुतक नव्हतं. नाताळात तीन आठवडे नागपूरला जाऊन आले आणि एकदम झपाटले. आधी कांद्याचा रस झाला. त्याचा वास जिन्यात असा भरला, की तळमजल्याच्या म्हाताऱ्या बाईंनी आमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. वास आला म्हणजे वरच्या इंडियन बाईचाच, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मग गोळ्या झाल्या, त्या सोसल्या नाहीत. आणि एका संध्याकाळी गजभिये दारात उभे राहून म्हणाले, टाळूत बोटॉक्स घेतोय.

सुरकुत्यांवर मारतात तेच इंजेक्शन. त्यांचं म्हणणं असं, की टाळूभोवतीचे स्नायू ताठरलेले असतात, त्यामुळे मुळांना रक्त पोचत नाही. स्नायू सैल करा, रक्त धावेल, केस उठतील. मी दमलेलीच होते, तरी समजावलं. म्हटलं, याचे प्रयोग झालेत ते अगदी थोडे आणि लहान, ठाम कुणीच सांगत नाही, आणि आपला जीपी, म्हणजे इथला सरकारी फॅमिली डॉक्टर, तर हे ऐकून घ्यायलाही तयार होणार नाही. ते खासगी क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही, खरं सांगायचं तर, गॅरंटी नाही असं स्वच्छ सांगून सही घेतली. गजभियेंना त्यातून कळलं ते एवढंच, की गॅरंटी नाही म्हणजे चान्स हाये.

तीस इंजेक्शनं झाली. नंतर चार तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, टोपी घालायची नाही. फेब्रुवारीअखेरच्या भुरभुर पावसात हा गृहस्थ उघड्या डोक्याने बस स्टॉपवर उभा. तिथून थेट माझ्याकडे आले आणि पाठ ताठ ठेवून चार तास बसले. त्यांच्या हातून किल्ली पडली तीही मीच उचलून दिली.

पंधरा दिवसांनी परिणाम दिसला, पण कपाळावर. भुवया वर जाईनात. ऑफिसात सिस्टिम कोसळली, सगळे सैरावैरा, आणि गजभियेंच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. संकटातही किती शांत, असं मॅनेजरने ईमेल करून कौतुक केलं. आतून हे घामाघूम झाले होते.

आमच्या मराठी मंडळाने मात्र निदान केव्हाच केलं होतं, स्वारी बोहल्यावर चढणार. मलाही तसंच वाटत होतं. लेस्टरच्या माझ्या घटस्फोटित मामेबहिणीचा विषय मी दोनदा काढूनही पाहिला. ते दोन्ही वेळा फोटोंबद्दल बोलू लागले.

जूनच्या रविवारी फोटो काढल्यावर मी खुर्चीवर उभ्यानेच सहा महिन्यांचे फोटो फोनवर ओळीने लावले. सहाही सारखेच, उलट शेवटच्यात टाळू जरा जास्तच चकाकत होती. माझा संयम संपला. म्हटलं, "गजभिये, डेटा बोलला. आता पुरे. आणि हे कुणासाठी चाललंय ते तरी सांगा."

ते मान खाली ठेवूनच बोलले. आईची आठवण दोन वर्षांपासून जात चालली आहे. नागपूरला बहीण तिला सांभाळते. वडील टपाल खात्यात होते, चाळिशीतच टक्कल पडलं होतं, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. नाताळात गजभिये घरी पोचले तर आईने डोक्यावर पदर घेतला आणि पाय धुवायला पाणी आणून ठेवलं. तीन आठवडे ती त्यांना नवऱ्याचंच पान वाढत होती. तिला मुलगा दिसावा म्हणून एक दिवस विग लावून बसले, तर म्हणाली, हे कोणत्या नाटकातले? बोटॉक्सने तर व्हिडिओ कॉलवर आणखीच घोळ झाला, कारण वडिलांच्याही चेहऱ्यावरची रेघ कधी हलत नसे.

मी खुर्चीवरून खाली उतरले. मामेबहिणीच्या गोष्टी काढल्याची मला फार लाज वाटली.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आई होती. तिने पदर सारखा केला.

"अवो, प्रमोदचे बाबा," ती म्हणाली, "प्रमोदचा फोन नाही आला किती दिवसांचा. तुमी रागावले असान त्याच्यावर."

"आई, मीच प्र..." म्हणता म्हणता गजभिये थांबले.

"त्याले काही बोलू नका. तुमी नको म्हणत होते, म्याच जा म्हटलं त्याले. लेकरू एकटं हाये तिकडं, अन् आता मलेच करमत नाही."

त्यांनी फोन जवळ घेतला. म्हणाले, "नाही बोलत. तू आठवण काढते म्हणून सांगतो त्याले."

ती हसली. बहिणीने फोन घेतला, मग तोही बंद झाला. मी ओट्याकडे तोंड करून रडले. नळ सोडून ठेवला होता, पण त्यांना कळलंच असणार.

"माझ्याशी बोलायची ना ताई, तेव्हा 'जेवला का' अन् 'ठेवते', एवढंच," गजभिये म्हणाले. "करमत नाही असं कधीच नाही म्हटलं तिनं मले. बाबांले सांगते."

जुलैची अपॉइंटमेंट त्यांनी तिथेच बसून फोनवरून रद्द केली. मग माझ्या नवऱ्याचा ट्रिमर आहे का, म्हणून विचारलं. मी आणून दिला, तर स्वतः न धरता माझ्याच हातात परत दिला आणि मान खाली घातली. कानांमागे आणि मानेवर तेवढे केस उरले होते. मी हलक्या हाताने फिरवू लागले.

"आणखी बारीक करा," ते म्हणाले. "बाबा अगदी बारीक ठेवत."