परबकाकूंचा चौथा खोका

परबकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नाहीत. हॉलच्या मधोमध उभ्या राहून एक सणसणीत टाळी वाजवतात, मान तिरकी करून ती किती घुमते ते ऐकतात आणि निकाल देतात. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "गो बाय, तुझो हॉल बोंबलता!" मी पाणी आणेपर्यंत सोफा हातभर पुढे सरकला होता आणि भिंतीवर आमचीच गोधडी लटकत होती.

जोगेश्वरीला त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी स्पीकरच्या कॉइल गुंडाळल्या. हल्लीच्या स्पीकरांवर त्यांचा राग आहे. "आधी स्पीकर कपाटाएवढा होता. मग बॅगेएवढा झाला. आता साबणाच्या डबीएवढा! आवाजाने पाय पसरायचे कुठे?"

त्यामुळे मी टीव्हीखाली नवा साउंडबार लावला, तेव्हा त्यांनी विचारलं, "ही फूटपट्टी कशाला?"

तो माझ्या वडिलांसाठी होता. अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, आणि कानातलं यंत्र ते डब्यातून बाहेर काढत नसत. बातम्यांत 'पाणीकपात' म्हटलं की विचारायचे, "कुणाचा अपघात?" आम्ही हसायचो. मग त्यांनी विचारणंच सोडलं. बातम्या लागल्या की उठून गॅलरीत जाऊन बसायचे. साउंडबारने भिंती हादरल्या, अण्णा काही परत आले नाहीत.

"आवाज मोठा नको गं, स्पष्ट हवा," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्या कानाला ढबढब पोचते, पण स, त, च, श वाटेतच मरतात. मी बनवते."

"काकू, राहू दे ना, कशाला त्रास?"

"तुला विचारलंय मी?"

आठवड्याने प्लायवूडचा पहिला खोका आला. काकूंनी तो अण्णांच्या खुर्चीशेजारी, बरोबर कानाच्या उंचीवर ठेवला आणि फोनवरून स्वतःचा आवाज लावला: "साप. ताप. चाप. शाप." अण्णांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलं: आप, आप, आप, आप.

"वाट लागली," मी म्हटलं.

काकूंनी खोका उचलला आणि चालत्या झाल्या. दुसऱ्या खोक्यात एक 'ताप' जमला. तिसऱ्यात जुन्या गादीचा कापूस भरला, तर 'ताप'ही गेला. अण्णा वैतागले. "परबबाई, सोडा आता. माझे कानच गेले."

"कान तुमचे, स्पीकर माझा," काकू ठणकावून म्हणाल्या. "चुकतोय तो माझा स्पीकर. मी नाही सोडणार."

तीन आठवडे वरून करवतीचा आवाज येत होता. चौथा खोका आला तो पावाच्या लादीएवढा, पुढे दोन स्पीकर, एक छोटा, एक त्याहून छोटा. अण्णांनी लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली आणि ओरडलेच, "चाप! शाप!" त्या संध्याकाळी ते बातम्या सांगणाऱ्याशी भांडले. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

काकू दर गुरुवारी चारला तपासायला येऊ लागल्या. स्क्रू आवळायच्या, खोका बोटभर वळवायच्या, मग अण्णांशी कारखान्याच्या, कोकणाच्या गप्पा. सात कधी वाजले कळायचं नाही. पण एका गुरुवारी आवळायला काही उरलंच नाही. काकूंनी दोनदा तपासलं. "झकास चाललाय. आता माझं काय काम?" असं म्हणून उठल्या. "बसा ना," मी म्हटलं. "नको गं, उगाच कुणाकडे बसायची सवय नाही मला." दारात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर अण्णा गुडघ्यांवर बसून खोक्यामागे काहीतरी करत होते. मग त्यांनी मला हाक मारली. "वरती जा. परबबाईंना सांग, बिघडलाय."

काकू पेचकस घेऊन धावतच आल्या. खोका फिरवला. मागची वायर सरळ उपटलेली होती, तांब्याचं टोक बाहेर. तीस वर्षं तारा हाताळलेल्या बाईला काय झालंय ते कळायला क्षणही लागला नसेल. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहत होते.

काकूंनी पेचकस हळूच खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मोठा बिघाड आहे," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. चहा ठेव गं."