कोंबड्यांच्या दाण्याची तपासणी

तुळसाबाईंच्या अठरा कोंबड्या रोज चौदा अंडी देत. त्यातली बारा धंतोलीतल्या एका दवाखान्यात पेशंटच्या नाश्त्याला जात आणि दोन घरी राहत. चौऱ्याहत्तर सालच्या पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हा क्रम एक दिवस चुकला नाही. दिवाळीनंतर चौदाची अकरा झाली, अकराची आठ, आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी खुराड्यात हात घालून तुळसाबाईंनी बाहेर काढली ती फक्त पाच. पाचवं तर हातातच फुटलं. त्याचं कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं.

"थंडी पडली ना वं," त्यांचे यजमान रुपराव ओसरीवर दाढी करता करता म्हणाले. "माणसाले उठवत नाही, त्या तर कोंबड्या."

"सरकारी केंद्रातल्या कोंबड्या काय शाल पांघरून बसतात?" तुळसाबाईंनी विचारलं.

रुपराव मिलमध्ये विणकर होते. कोंबड्या तुळसाबाईंच्या. त्यांनी सरकारी कुक्कुट केंद्रात आठ दिवसांचं शिक्षण घेतलं होतं आणि इंदोऱ्यातल्या आपल्या घरामागे त्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या पिल्लांपासून वाढवल्या होत्या. रुपरावांचा या धंद्याशी संबंध सल्ला देण्यापुरता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या रेडिओला दोष दिला. तिसऱ्या दिवशी खुराड्याचं तोंड पूर्वेला केलं. चौथ्या दिवशी चार अंडी आली.

एका गोष्टीवर मात्र त्यांनी चुकूनही संशय घेतला नाही. ती म्हणजे कोंबड्यांचा दाणा, कारण तो त्यांनी स्वतः निवडला होता.

झालं होतं असं की दिवाळीत केंद्रातला दाणा संपला आणि नवा जानेवारीशिवाय येणार नाही, असं तिथल्या बाबूने सांगितलं. तेव्हा रुपराव मिलमधून परतताना इतवारीतल्या चंपतरावांच्या दुकानात शिरले. चंपतरावांनी पाच पोती उघडून ठेवली होती. रुपरावांनी प्रत्येक पोत्यावर वाकून वास घेतला, चिमूटभर दाणा जिभेवर ठेवला आणि तिसऱ्या पोत्याकडे बोट दाखवलं. चंपतरावांनी हात जोडले.

"वीस वर्षं झाली या धंद्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "असं नाक पाहिलं नाही, साहेब."

मिलमध्ये रुपरावांना आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ते तिसऱ्याच पोत्यातला दाणा आणू लागले.

शुक्रवारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सुभद्राबाईंनी तुळसाबाईंची टोपली पाहिली. तीस पेशंटचं जेवणखाण सांभाळणारी ती बाई. आवाज न चढवता बोलायची, म्हणून जास्त लागायचं.

"हे पाहा, पेशंटले अर्धं अंडं देता येत नाही. एक जानेवारीपर्यंत बारा पुरी झाली तर ठीक. नाहीतर मी दुसरीकडे सांगीन."

तुळसाबाई घरी आल्या आणि अंगणात दाण्याच्या डब्यासमोर बसून राहिल्या. दवाखान्याचं काम त्यांनी स्वतः जाऊन, स्वतः बोलून मिळवलं होतं. ते गेलं तर रुपराव काही म्हणणार नव्हते, उलट समजूतच काढणार होते, आणि तीच त्यांना नको होती.

इतक्यात कुंपणावरून हवालदार आला. हवालदार म्हणजे वस्तीतला एक पिवळा बोका. कोणाचाच नाही, पण रोज ठरल्या वेळी प्रत्येक घरात गस्त घालायचा, म्हणून ते नाव. दिवाळीपर्यंत तो सकाळभर याच डब्यावर बसून राहायचा. काठी दाखवली तरी हलायचा नाही. आज त्याने डब्याला नाक लावलं, तोंड फिरवलं आणि सरळ निघून गेला.

तुळसाबाई ताडकन उठल्या. केंद्रातल्या मास्तरांनी आठही दिवस एकच गोष्ट घोकून घेतली होती: मका पाहा, पेंड पाहा, बुरशी पाहा, पण दाण्यात मासळीची भुकटी नसली तर अंड्याची आशा धरू नका.

"याच्यात मासळी नाही," त्या रुपरावांना म्हणाल्या.

"मी वास घेतला ना."

"दुकानात घेतला. आता घ्या."

रुपरावांनी डब्यात डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही. मग आतूनच आवाज आला, "मले सर्दी झाली वाटते."

"तुमाले झाली असन. हवालदाराले नाही झाली. रविवारी त्यालेच नेते दुकानात."

शनिवारी संध्याकाळी रुपराव चंपतरावांकडे गेले. ज्या माणसाने आपल्याला साहेब म्हटलं, त्याला आधी कल्पना देणं त्यांना सभ्यपणाचं वाटलं.

"उद्या घरचे लोक येऊन राहिले," ते म्हणाले. "संगं हवालदाराले आणतात. तुमच्या मालाची तपासणी कराले."

चंपतरावांच्या हातातलं माप खाली आलं. "हवालदार? कोणता हवालदार?"

"आमच्या वस्तीतला. रोज घरी येते."

चंपतरावांनी रुपरावांना आत गादीवर बसवलं आणि चहा सांगितला. मग इकडे तिकडे पाहून विचारलं, "भाऊ, तुमी घरचे माणूस म्हणून विचारतो. हा हवालदार खाते काय?"

"खाते म्हणजे? दिसन ते खाते," रुपराव म्हणाले. "मासळीवर तर जीव."

चंपतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "खाणारा असला तर भेव नाही."

रविवारी सकाळी तुळसाबाई रिक्षात बसल्या आणि झाकणाची टोपली रुपरावांच्या मांडीवर आली. इंदोऱ्यापासून इतवारीपर्यंत हवालदार एका सुरात ओरडत होता. मिलमधले दोन विणकर सायकलवरून बराच वेळ सोबत आले आणि आत कोण आहे हे विचारत राहिले. रुपरावांनी दोघांनाही ओळख दाखवली नाही.

दुकानासमोर गर्दी होती. पोलीस येणार ही बातमी शेजारच्या चार दुकानांत पोहोचली होती. चंपतरावांनी धुतलेला सदरा घातला होता, एक खुर्ची पुसून मांडली होती आणि तिच्याजवळ पितळी डबा ठेवला होता.

"हवालदारसाहेब मागून येऊन राहिले काय?" त्यांनी विचारलं.

"आले ना," तुळसाबाई म्हणाल्या आणि टोपलीचं झाकण उघडलं.

चंपतराव आधी टोपलीत पाहत राहिले, मग खुर्चीवर बसून पोट धरून हसले. रात्रभराची भीती एकदम उतरलेला माणूस फार उदार होतो. "मी याच्यासाठी भाकूर मासळी तळून आणली, बापा," ते डोळे पुसत लोकांना म्हणाले. "करू द्या तपासणी. सगळं दुकान दाखवा त्याले."

"आधी तो डबा दूर न्या," तुळसाबाई रुपरावांना म्हणाल्या. "रस्त्यापलीकडे उभे राहा. उघडू नका."

रुपराव डबा घेऊन रस्त्यापलीकडे गेले.

हवालदाराने पहिल्या पोत्यावर उडी मारली आणि दाण्यावर पसरलेले सुक्या मासळीचे तीन तुकडे खाल्ले. "पाहा," चंपतराव म्हणाले. तो दुसऱ्या पोत्यावर गेला, तिथले तीन खाल्ले. तिसऱ्यावरही तीनच होते. "पाहा," चंपतराव पुन्हा म्हणाले, पण या वेळी जरा हळू, कारण पुढच्या रांगेतला एक म्हातारं गिऱ्हाईक आता मोजत होतं.

"वरची मासळी सगळ्यांनी पाहिली," तुळसाबाई म्हणाल्या. "आता तळाची पाहू."

त्यांनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात तिसऱ्या पोत्यात घातला आणि तळातला मूठभर दाणा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. हवालदाराने जवळ येऊन हुंगलं. मग मांजर घाण झाकतं तसा तो पंजाने कागद ओरबाडू लागला, आधी उजवीकडून, मग डावीकडून, अगदी मन लावून. लोक हसले. तुळसाबाईंनी दुसऱ्या पोत्यातला दाणा काढला, मग बाकीच्यांतला. हवालदाराने पाचही ढीग ओळीने पुरून टाकले.

"मांजर आहे ते," चंपतराव म्हणाले. "त्याले कोंबडीच्या दाण्यातलं काय समजते?"

याचं उत्तर कोणी द्यायच्या आत हवालदार गादीला वळसा घालून मागच्या पडद्याआड गेला. थोड्या वेळाने तिथून गुरगुर ऐकू आली. तुळसाबाईंनी पडदा सारला. कोपऱ्यात तोंड शिवलेलं एक पोतं होतं. त्यावर हवालदार डोळे मिटून पडला होता आणि पुढच्या पायांनी पोतं मळत होता.

"हे काय हाय?"

"ते विकायचं नाही," चंपतराव घाईने म्हणाले. "ते घरचं आहे."

"घरी काय आहे तुमच्या?"

चंपतराव छताकडे पाहू लागले.

"कोंबड्या," ते म्हणाले.

"किती?" म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"वीस."

"अन् अंडी?"

"सतरा," चंपतरावांच्या तोंडून अभिमानाने निघून गेलं. "कधी कधी अठरा." आणि मग त्यांनी खाली मान घातली.

कोणी आरडाओरडा केला नाही, त्याची गरजच नव्हती. म्हाताऱ्याने हातातली पिशवी चंपतरावांसमोर उपडी करून दाणा परत केला. त्याच्या मागे आणखी तिघे रांगेत उभे राहिले. तुळसाबाईंनी घरचं पोतं रिक्षात चढवून घेतलं आणि रोजच्याच भावाने पैसे मोजून गादीवर ठेवले. चंपतरावांनी नको म्हणून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. रुपराव रस्ता ओलांडून आले तेव्हा डब्यात काटे उरले होते.

"उघडू नका म्हटलं होतं," तुळसाबाई म्हणाल्या.

"वास येऊन राहिला होता," रुपराव खालच्या आवाजात म्हणाले. "नाक अजून चांगलं आहे माझं."

पाच दिवस काहीच घडलं नाही. सहाव्या दिवशी सहा अंडी आली. मग आठ, मग दहा. नाताळानंतरच्या शनिवारी तुळसाबाई खुराड्यातून पदरात अंडी घेऊन आल्या आणि रुपरावांच्या समोर एक एक करत मांडत गेल्या. सोळा होती. कवचं अशी की एकावर एक आपटली तर खणखण वाजावीत. रुपरावांनी एक हातात घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"तू करून दाखवलं," ते म्हणाले.

एक जानेवारीला सुभद्राबाईंनी त्यातलं एक वाटीत फोडलं. बलक तांबूस-पिवळा, उभा राहिला तो राहिलाच. "अठरा देशील काय रोज?" त्यांनी विचारलं.

"चौदा देईन," तुळसाबाई म्हणाल्या. "दोन घरी लागतात."

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. चंपतराव उभे होते, टोपी हातात.

"घरी आहेत काय?"

रुपरावांनी सदऱ्याची बटणं लावली आणि पुढे झाले. "मी घरीच आहे. या ना."

"तुमी नाही गा भाऊ," चंपतराव संकोचून म्हणाले. "बोका."

मग ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्या रविवारपासून प्रत्येक गिऱ्हाईक पोत्याच्या तळातला दाणा मागत होतं, म्हणून चंपतरावांना तळापर्यंत मासळीची भुकटी घालावी लागत होती. ती ते एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामातून आणत. आता त्या भुकटीतच निम्मी रेती निघाली होती. "मले फसवलं त्यानं," ते खऱ्या दुःखाने म्हणाले. "एवढा अप्रामाणिक माणूस मी पाहिला नाही, बाई."

तुळसाबाईंनी विचार केला. "नव्या मालाचं पहिलं पोतं दर वेळी माझं."

"मंजूर."

तुळसाबाईंना स्वतःला दवाखान्यात जायचं होतं. म्हणून बोक्याची टोपली रुपरावांच्या हाती आली. गोदामात अकरा पोती होती. हवालदाराने संथपणे सगळ्यांवरून फेरी मारली, आठ पुरून टाकली आणि उरलेल्या तिन्हींवर पसंतीची मोहोर उठवली. मोठा व्यापारी कपाळावरचा घाम पुसत हे पाहत होता. शेवटी त्याची नजर रिकामी टोपली घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेली.

"आपण कोण?" त्याने अदबीने विचारलं.

"मी?" रुपराव म्हणाले. "मी याच्यासंगं आलो."