सी मिलूद यांच्या पुस्तकाचा अल्प परिचय

सफ्रू गावच्या सांस्कृतिक भवनात शनिवारी दुपारी दिवंगत सी मिलूद यांच्या अतिलघुकथांच्या संग्रहाचा परिचय-समारंभ ठेवण्यात आला होता. सी मिलूद (तिकडे पुरुषाच्या नावाआधी आदराने 'सी' लावतात, बाईच्या नावाआधी 'लल्ला') यांनी हयात तारघरात घालवली. चहाची किटली उंच धरून ग्लास भरेपर्यंत गोष्ट संपली पाहिजे, त्यापुढे गेली की ते भाषण, असे त्यांचे मत होते. त्यांची मुलगी बतूल हिने आयोजकांकडे एकच मागणी केली होती: बाबांची शेवटची गोष्ट तिला सभागृहात वाचू द्यावी. मागणी सहानुभूतिपूर्वक मंजूर झाली. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी छापून आले, 'एक कथा (वेळ उरल्यास)'.

अडचण पुस्तकापासूनच सुरू झाली होती. ते इतके बारीक भरले की त्याला कणाच येईना, आणि कण्याशिवाय पुस्तक कपाटात उभे राहत नाही, असे प्रकाशकाने कळवले. म्हणून प्राध्यापक लहबीब यांची प्रस्तावना घेतली. ती घेतल्यावर समीक्षक कन्झाबाईंना वगळणे बरे दिसेना. कणा आला; मात्र कागद वाढला. तेव्हा काटकसर म्हणून गोष्टी बारीक टायपात, शेवटी, परिशिष्टात घेण्यात आल्या.

समारंभात प्राध्यापक लहबीब 'संक्षेपाचे सौंदर्य' या विषयावर बोलले. 'थोडक्यात सांगायचे तर' म्हणून ते पाण्याचा घोट घेत आणि ताज्या दमाने सुरुवात करत. त्यांच्यानंतर कन्झाबाई उठल्या. भाषण फार लांबले अशी तक्रार त्यांनी नोंदवली, आणि ती नोंदवायला त्यांना तेवढाच वेळ लागला. मग आभार. आभारांत कोणी राहून गेले म्हणून पुन्हा आभार. तेवढ्यात पहारेकरी किल्ल्या वाजवत आला. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अझानीपूर्वी सभागृह रिकामे करायचे होते.

"सी लहबीब, माझी तेवढी राहिली," बतूल म्हणाली. "ग्लासभरच आहे."

"लल्ला बतूल, वडिलांची गोष्ट अशी घाईत उरकायची? लोक काय म्हणतील? पुढच्या महिन्यात खास सत्र ठेवू. आधी मी जरा पार्श्वभूमी सांगीन."

"बाबांच्या गोष्टींना पार्श्वभूमी लागत नाही."

"अहो, तेच तर लोकांना नीट समजावून सांगावं लागतं."

व्हरांड्यात चहा मांडला होता. बदामाच्या करंज्यांभोवती साहित्यप्रेमींची झुंबड उडाली होती. प्राध्यापकांनी ग्लास पुढे केला, तेव्हा किटली बतूलने उचलली आणि खांद्याच्या वर नेली.

"हात हलवू नका, भाजेल," ती म्हणाली, आणि धार सोडली. "म्हातारी गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं सवयीनं दोन ग्लास भरले. आपला पिऊन झाल्यावर समोरच्या ग्लासाला म्हणाला, 'घे ना, निवतोय.'"

ग्लास भरला होता. करंजीकडे गेलेले दोन-तीन हात वाटेतच थांबले. कन्झाबाईंनी चष्मा काढला. बतूलने शेजारचा एक ग्लास ओढून तोही काठोकाठ भरला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. तो कोणी उचलला नाही.

"वा," प्राध्यापक म्हणाले. "यावर बोललंच पाहिजे. थोडक्यात सांगायचं तर..."

लोक पुन्हा करंज्यांकडे वळले.

पुस्तके दाराशी विक्रीला मांडली होती. एकही प्रत खपली नाही. परिचय इतका सविस्तर झाला होता की वाचण्याची गरज कोणाला उरली नव्हती. तुम्हालाही ती उरली नसणार; परिशिष्टातल्या गोष्टी तशाच ठेवून, परिचय मात्र तुम्हीही शेवटपर्यंत वाचलात.