पडद्यापुढचं ताट

चौसाळ्याच्या बाजारतळावर सिनेमाचा तंबू लागला आणि पहिल्याच खेळाला केसरबाई पाटलीण पदर ओला होईपर्यंत रडली. मुक्या चित्रपटातलं बेवारस पोरगं उकिरड्यावर अन्न शोधत होतं, आणि तंबूचा मालक गहिनीनाथ पडद्याशेजारी छडी घेऊन घसा ताणून सांगत होता, "बघा मायबाप, तीन दिसांचं उपाशी हाय लेकरू!"

दुसऱ्या दिवशी केसरबाईनं पिठलं-भाकरीचं ताट आणून पडद्यापुढं ठेवलं. "खा रं बाबा," म्हणाली. पाटलिणीनं ठेवलं म्हटल्यावर साऱ्या बायकांनी ठेवलं. खेळ सुटला की गहिनीनाथ ताटं रिकामी करी आणि पोरगं पोटभर जेवलं म्हणून सांगे. त्यामुळं चौथ्या दिवशी पुरणपोळ्या आल्या.

त्या दिवशी पडद्यामागं जरीना आणि तिचा धाकटा भाऊ कय्युम लपले होते. मानमोडीच्या साथीत आईबाप गेल्यापासून दोघं याच तळावर बैलगाड्यांखाली झोपत. गाव त्यांना रोज ओलांडून जाई. त्यांच्याशेजारी छडी घेऊन सांगणारं कुणी उभं नव्हतं, एवढंच काय ते कमी पडलं. थंडी सोसेना म्हणून ते तंबूत शिरले होते. पण पुरणाचा वास आला.

"नको रे, मारतील," जरीना कुजबुजली.

"लई भूक लागली, आपा."

पडद्याखालून एक काटकुळा हात बाहेर आला आणि त्यानं पोळी ओढली.

"आलं! लेकरू भाईर आलं!" केसरबाई किंचाळली. बायकांनी हात जोडले. तिचे यजमान विठ्ठलराव पाटील पुढं धावले आणि त्यांनी पडदा वर उचलला.

"ह्यो तर तळावरला कय्युम हाय! उपाशी लेकराच्या तोंडचा घास चोरतो व्हय बे?"

पायातला जोडा हातात आला. जरीना मधे पडली, तर तिलाही फटके बसले. उरलेली अर्धी पोळी उष्टी झाली म्हणून केसरबाईनं कुत्र्याला टाकली आणि पडद्यापुढं ताजी ठेवली. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि सगळे पुन्हा रडले.

सकाळी गहिनीनाथ पडदा गुंडाळत होता. सुजल्या डोळ्याची जरीना भावाला पुढं करून उभी राहिली.

"मालक, ह्याला पडद्यात घालता का?"

"येडी का काय? कशापायी?"

"तितं जेवाय देत्यात."

चार दिवस घसा ताणणाऱ्या गहिनीनाथनं पडदा अर्धवट सोडून छडी उचलली आणि गाडीत ठेवून दिली.