खोलीत आणखी कोण आहे?

दिगू तुळसकर कोणाच्याही घरी गेला की लगेच आत येत नाही. उंबऱ्यातच उभा राहतो, मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवतो आणि अत्यंत सभ्य, थंड आवाजात विचारतो, "तुमच्याशिवाय या खोलीत आणखी कोण आहे?"

नवीन माणूस दचकतो. आम्ही घाटकोपरचे त्याचे जुने शेजारी, आम्हाला सवय आहे. माझी बायको मृणाल स्वयंपाकघरातूनच ओरडते, "कोणी नाही हो भावोजी, या!" तरी दिगू दाराच्या मागे एकदा डोकावतोच. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा तीर्थ घ्यायच्या आधी त्याने चौरंगाखाली वाकून पाहिलं. गुरुजींना वाटलं, काय हा भाविक माणूस! त्यांनी त्याच्या हातावर प्रसादाची मूद जास्तीची ठेवली.

हे वेड त्याला नोकरीने लावलं. चीनमधल्या पोरांना परदेशी बिझनेस स्कूलमध्ये एमबीएला जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ती आता घरबसल्या कॉम्प्युटरवर देता येते. आणि घरबसल्या परीक्षा म्हटलं की कॉपी आली. म्हणून त्यांच्यावर पहारा ठेवायला इकडे मरोळला एक ऑफिस आहे, आणि तिथे दिगू आहे. ती पोरं तिकडे आपल्या खोलीत पेपर सोडवतात, हा इकडे कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे टक लावून बसतो. आधी लॅपटॉप फिरवून चार भिंती दाखवायच्या, मग टेबलाखाली, मग दोन्ही कान. खोलीत दुसरं माणूस चालत नाही. दिसलं की दिगूने लाल बटण दाबायचं. परीक्षा रद्द, पोराचं वर्ष फुकट.

त्यामुळे दिगूला आपल्या गावापेक्षा, म्हणजे सावंतवाडीपेक्षा, चीनची घरं जास्त माहीत आहेत. "अरे सुऱ्या, तिकडेपण बाल्कनीत चड्ड्याच वाळत घालतात," असं त्याने मला एकदा मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं होतं. तिकडची माणसं गरम पाणी पितात, हेही त्यानेच सांगितलं. चीनबद्दल एवढीच माहिती त्याला आहे, पण ती पक्की आहे.

लग्नासाठी त्याला एकदा मुलुंडला मुलगी दाखवायला नेलं होतं. सोबत मी होतो. मुलगी चांगली शिकलेली, दिगूला शोभेल अशी. पोहे आले, प्रश्नोत्तरं सुरू झाली. दिगू म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघा." मी त्याला कोपर मारलं. तो म्हणाला, "नाही रे, नजर सारखी डावीकडे जातेय." आणि उठून त्याने सरळ डावीकडचा पडदा बाजूला केला. पडद्यामागे मुलीची आत्या उभी होती आणि खुणा करून काय बोलायचं ते सांगत होती. लग्न अर्थातच मोडलं. पण दिगूचा अंदाज चुकत नाही, हे मात्र माझ्या मनात तेव्हापासून बसलं, आणि पुढे मला त्याचा फार त्रास झाला.

दिगू एकटा राहतो. आमच्या जुन्या इमारतीत त्याचं कुटुंब एका खोलीत होतं: भावंडं, काका, गावाहून आलेला कोणीतरी पाहुणा. त्या खोलीत एकटं बसणं काय असतं हे दिगूला ठाऊकच नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून इंग्रजी मोठ्याने वाचायचा आणि त्याच्या मागे पलंगावर त्याची आई, शेवंता काकी, गुडघे पोटाशी घेऊन लसूण सोलत बसायची. एका केटररचं काम घरी आणायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण दिगू अडखळला की तिचा हात थांबायचा. तो पुढे गेला की परत सुरू. अधूनमधून म्हणायची, "तू वाच रे. मी हंयच आसंय."

मग रीडेव्हलपमेंट आली. सगळ्यांना ट्रान्झिट कॅम्पात हलवलं. काकी तिथेच वारली, टॉवर तिने पाहिला नाही. भावंडं विरार-बदलापूरला आपापल्या संसारात गेली. दिगूला आमच्याच मजल्यावर, आमच्या शेजारचा वन बीएचके मिळाला. पहाटेच्या शिफ्टला आता घरूनच काम असतं, कारण चीनचं घड्याळ आपल्या पुढे. गंमत म्हणजे पहारेकऱ्यावरही पहारा आहे. शिफ्टच्या आधी दिगूनेही सुपरवायझरला आपल्या खोलीच्या चार भिंती दाखवायच्या. तिथेही दुसरं माणूस चालत नाही. आम्ही हसायचो, की तुझ्याकडे दुसरं माणूस येणार तरी कुठून!

गेल्या थंडीपासून हसणं बंद झालं. दिगूचा प्रश्न तोच होता, पण तो आता उत्तराची वाट पाहायला लागला. एकदा संध्याकाळी तो सोफ्यावर बसला होता, मृणाल समोर उभी राहून सोसायटीच्या मीटिंगबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होती. दिगू तिच्या खांद्यावरून मागच्या खोलीत बघत म्हणाला, "वहिनी, तिकडे पलंगावर कोण बसलंय?"

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. मी जाऊन पाहिलं. मी घाबरणारा माणूस नाही, पण दिवा मात्र आधी लावला आणि मग आत गेलो. पलंगावर धुतलेल्या चादरींची चळत होती. त्यानंतर आठवडाभर मृणाल त्या खोलीत कपडे आणायला जाताना मला दारात उभं करायची, आणि मी आईला माझ्या मागे उभं करायचो.

शेवटी मृणालनेच त्याला बसवून विचारलं, "भावोजी, खरं सांगा. काय दिसतं तुम्हाला?"

दिगूने कप खाली ठेवला. मग बोलला. थंडीतली सकाळ होती. एका मुलीची परीक्षा होती. तिने चार भिंती दाखवल्या, टेबलाखाली दाखवलं, सगळं झकास. ती मोठ्याने वाचायला लागली आणि तिच्या मागे पलंगावर एक म्हातारी बसलेली दिसली. गुडघे पोटाशी, मान खाली, मांडीवर ताट. काहीतरी सोलत होती.

"मी विचारलं, खोलीत आणखी कोण आहे? ती म्हणाली, नो सर, आय अॅम अलोन. मी म्हटलं, लॅपटॉप फिरवा. तिने फिरवला. पलंग रिकामा. परत सरळ ठेवला, तर म्हातारी तिथेच."

"बटण दाबलंस?" मी विचारलं.

"नाही रे. बोट ठेवलं होतं. ती पोरगी एका शब्दावर अडखळली, आणि म्हातारीचा हात थांबला. पोरगी पुढे गेली, हात सुरू. मग कसं दाबणार?" तो खाली बघून म्हणाला, "आणि सुऱ्या, माझ्या खोलीत लसणीचा वास आला. मी लसूण आणत नाही, तुला माहितीय. नुसता हात लागला तरी मला फोड येतात, लहानपणापासून."

मृणालने माझा हात धरला. मी तो सोडवला नाही.

दिगूने रिपोर्टमध्ये 'दुसरी व्यक्ती नाही' असं लिहिलं. प्रत्येक परीक्षेचं रेकॉर्डिंग पुन्हा तपासतात, त्यामुळे नोकरीची वाट लागली असं धरूनच तो बसला होता. तपासणी झाली. रेकॉर्डिंगमध्ये मुलगी होती, पलंग होता, भिंत होती. म्हातारी नव्हती. वरून शेरा आला, की काम व्यवस्थित आहे.

"तेव्हापासून बघतोय," दिगू म्हणाला, "कुठे दिसते का."

माझी आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आईचं वय झालंय, पण देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हटलं की तिचा आवाज खालच्या वॉचमनपर्यंत जातो. दुसऱ्याच दिवशी तिने दिगूच्या हॉलमध्ये नारळ ठेवला, आम्हा सगळ्यांना मागे उभं केलं आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आज ह्यो तुझो लेकरू घाबारलेलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरात जा काय वायट-वंगाळ, जी काय इडापिडा बसलेली आसात, ती बारा वाटेन भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी तर जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिगू म्हणत नाहीये. तो नारळाकडे बघत ओठ मिटून उभा होता. मला वाटलं, भीतीने बोबडी वळली असेल.

गाऱ्हाण्याचा गुण आला. दिगू आमच्याकडे यायचा, सरळ आत येऊन बसायचा. दारामागे बघायचा नाही, काही विचारायचा नाही. चहा प्यायचा आणि जायचा. मृणाल एकटी मागच्या खोलीत जायला लागली. आईने मजल्यावरच्या सगळ्यांना आपला पराक्रम सांगितला. फक्त दिगू वाळत चालला होता, आणि ते आम्ही कोणी मनावर घेतलं नाही.

एका रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. भिंतीपलीकडे राहणारा माणूस व्हिडिओ कॉल करतो म्हणजे काय! मी म्हटलं, "अरे, ये ना इकडेच."

"नाही. तू तिथूनच बघ. कॅमेऱ्यातून." तो टेबलापाशी बसला होता, भिंतीकडे तोंड करून, पूर्वी बसायचा तसा. "नियमाप्रमाणे विचार मला."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. मी विचारलं, "तुमच्याशिवाय या खोलीत आणखी कोण आहे?"

दिगू फोन हळूहळू फिरवायला लागला. एक भिंत, कॅलेंडर. दुसरी भिंत, खिडकी. मग पलंग. पलंगावर चादर ताणून घातलेली होती आणि मधोमध एक स्टीलचं ताट होतं. ताटात लसणीचे अख्खे कांदे, प्लॅस्टिकच्या जाळीच्या पिशवीतच, तसेच.

"बघ नीट," दिगू म्हणाला. "पलंगावर."

"कोणी नाही रे."

"नीट बघ ना, यार. मला दिसत नाही, पण तुला दिसेल कदाचित."

मी स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "दिगू, खरंच कोणी नाही. निवांत राहा. गेली ती."

फोन परत त्याच्या चेहऱ्यावर आला. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. "हो," तो म्हणाला. "तुम्हीच घालवलीत. एवढी वर्षं वाट पाहून एकदा आली होती रे."

मला स्वतःचा प्रचंड राग आला, कारण 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठ्याने मी ओरडलो होतो.

आई माझ्या खांद्यामागून बघत होती. तिने देव्हाऱ्यासमोरचा नारळ उचलला, पदर खोचला आणि पायात चप्पलसुद्धा न घालता दिगूच्या दारात गेली. मी मागोमाग. दार उघडताच तिने उंबऱ्यावरच सुरुवात केली, आणि या वेळी आवाज वॉचमनपर्यंत नव्हता. जेमतेम आम्हाला ऐकू येत होता.

"बा देवा म्हाराजा. त्या दिसा माजा चुकला. कोण ता माका ठावक नाय होता. भायरची नाय ती. शेवंता ती, घरची. माजा बोलणा इसार, आणि जी गेली आसात तिका परत धाडून दी रे म्हाराजा."

मी तोंड उघडायच्या आधीच दिगू म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि मग लहान मुलासारखा रडला.

आई त्याला धरून बसली नाही. ती आत गेली, पलंगावर चढली, गुडघे पोटाशी घेतले आणि ताट पुढे ओढलं. "तू तुजा काम कर," म्हणाली. "मी हंयच आसंय."

आता रोज पहाटे आई शेजारी जाते. सुपरवायझरला चार भिंती दाखवून होईपर्यंत पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभी राहते, मग हळूच आत जाऊन पलंगावर बसते. साऱ्या चीनची कॉपी पकडणारा दिगू तुळसकर आता रोज कॉपी करतो, आणि ते उघडं पडलं तर त्याची नोकरी जाईल. मी त्याला तसं बोललो. तो म्हणाला, "जाऊ दे." तब्येत सुधारलीय त्याची. आमच्या दारात उभा राहून पुन्हा प्रश्न विचारतो, दारामागे डोकावतो.

परवा आई परत आली आणि बेसिनपाशी हात धुता धुता म्हणाली, "सुऱ्या, मी जातंय तेवा निम्मी लसूण सोललेलीच आसता. दिगू सोलता काय रे?"

दिगूच्या बोटांना फोड येतात, हे तिलाही माहीत आहे. तरी मी म्हटलं, "तोच सोलत असेल."

आईने हात पुसले, हुंगले. "मुळाकडचो बुडखो ठेवन सोललेली आसता," ती म्हणाली. "शेवंता तशीच सोलायची. मी किती येळा सांगलंय तिका, बुडखो काड म्हणान."

मग तिने लसणीची टोपली पुढे ओढली आणि दुसऱ्या दिवसाची लसूण ताटात काढून शेजारी दिगूच्या पलंगावर ठेवून आली. दोघींना पुरेल एवढी.