डबाभर जिवंत अळ्या

मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात रतिलालभाऊंनी अळ्यांचा टब वाळत घातला, तेव्हा त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. टबातला कोंडा दमट लागला आणि पाय आपोआप गच्चीकडे वळले. कृषी सहाय्यक म्हणून तीस वर्षं त्यांनी पारोळा तालुक्यात गावोगाव हेच सांगितलं होतं. धान्याला कडक ऊन द्या, निंबाचा पाला घाला, किडा राहणार नाही. वर मिशीला पीळ देऊन म्हणायचे, "माझ्या घरात एक किडा दाखवा, मिशी उतरवून देतो."

या वेळी मात्र किडा राहायला हवा होता. मुलगी डिंपल बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली होती. जाताना तिनं आपली पाळलेली विदेशी पाल, सोनी, आणि तिच्यासाठी घरीच वाढवलेल्या अळ्या वडिलांच्या हवाली केल्या होत्या.

"पप्पा, ती फक्त हलणारंच खाते. अळ्या जिवंत राहिल्या पाहिजेत. जमेल ना?"

"माझी तीस वर्षं किड्यांतच गेली," भाऊ म्हणाले होते. ते खोटं नव्हतं, फक्त ती किडे मारण्यात गेली होती.

दुपारी चारला टबात एकही अळी हलत नव्हती. भाऊंनी एक चिमट्यात धरून सोनीपुढे नाचवून पाहिली. सोनीनं एकदा अळीकडे, एकदा भाऊंकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. डिंपल यायला अकरा दिवस होते. कुरियरनं मागवाव्यात, तर पुण्याच्या दुकानदारानं हात वर केले. "काका, तुमच्याकडे चव्वेचाळीस डिग्री चालू आहे. पार्सलमधून भाजलेल्या निघतील."

तीन दिवसांत सोनीची जाड शेपटी बारीक दिसायला लागली. पोरीला काय तोंड दाखवायचं, या विचारानं भाऊंनाही घास गिळवेना. चौथ्या दिवशी त्यांना पारोळ्याजवळचा शेतकरी वना आठवला. वनाच्या बाजरीत दरवर्षी किडे, आणि दरवर्षी भाऊ त्याला भर सभेत उभं करून झापायचे. आज रिकामा डबा घेऊन ते त्याच्याच दारी गेले.

वनानं खाट टाकली, पाणी दिलं. "कसं काय येनात साहेब? आते त रिटायर व्हयनात ना?"

"वना, तुझ्या कोठीतले थोडे किडे पाहिजेत," भाऊंनी डबा पुढे केला. "अळ्या असल्या तर फारच बरं."

हा तपासणीचा नवा प्रकार असावा, असं वनाला वाटलं. त्यानं ऐटीत कोठीचं झाकण काढलं. "दखा. एक बी किडा नही. दोन साल व्हयनात, तुमनं ऐकं. ऊन दिधं, निंबना पाला टाका. बठ्ठा गाव, घरोघर आते तसंच करस."

हे ऐकायला भाऊंनी तीस वर्षं वाट पाहिली होती. "फार छान," म्हणत त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

घरी येऊन त्यांनी रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांची बायको कमलबाई दारात आली. "एक सांगू? रागवायचं नाही."

ती आत गेली आणि फळीच्या मागच्या कोपऱ्यातला दादर ज्वारीचा डबा घेऊन आली. ज्वारीला जाळी धरली होती आणि तीत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या.

भाऊ बघतच राहिले. "हे कधीपासून?"

"लग्नापासून. निंबाच्या पाल्यानं भाकर कडू लागते. तुम्ही ऑफिसला गेले की मी पाला काढून टाकायची आणि दर शनिवारी धान्य चाळून घ्यायची."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही गावोगाव मिशी पणाला लावून बसलेले. म्हटलं, माणसाची मिशी जाण्यापेक्षा चाळलेलं बरं."

भाऊंनी एक अळी उचलून सोनीपुढे ठेवली. अळी हलली आणि दुसऱ्या क्षणी दिसेनाशी झाली.

आठवड्यानं डिंपल आली ती बॅग दारातच टाकून सोनीकडे धावली. शेपटी पहिल्यापेक्षा जाड झाली होती. "पप्पा, तुम्ही खरंच एक्स्पर्ट आहात," म्हणत ती वळली आणि थबकली.

"पप्पा, मिशी कुठं गेली?"

"उन्हाळा फार आहे," भाऊ म्हणाले.

स्वयंपाकघरात कमलबाई आता उघडपणे चाळणी घेऊन बसली होती. वार मंगळवार होता.