सेवेत सातत्य

लांजेवार साहेबांच्या घरी भाजीत मीठ जास्त झालं की चौकशी बसायची.

साहेब ओरडत नसत. ताट बाजूला सारून चष्मा पुसत, परत लावत आणि म्हणत, "गजानन, बस. तुह्यावर आरोप असा हाय का आज तू वांग्याच्या भाजीत प्रमाणाबाहेर मीठ टाकलं. मान्य हाय का नाही?"

पहिल्या वेळी मी घाबरून म्हणालो, "मान्य आहे साहेब. चुकलं."

"असं लवकर मान्य नसते कराचं! तुले कोनी धमकी देल्ली का?"

"नाही जी."

"लालूच?"

"नाही जी."

"मंग मीठ तूच टाकलं हे कोनं पायलं?"

"कोणीच नाही. घरात मी एकटाच होतो."

"म्हंजे साक्षीदार नाही." साहेबांचा चेहरा उजळला. "मीठ किती टाकाचं, याचा लेखी नियम हाय का या घरात? नाही. याच्या आधी कधी ताकीद देल्ली? नाही. मंग हा आरोप टिकते कसा?"

तोवर भाजी गार झालेली असे. मी निर्दोष सुटत असे आणि मग आम्ही दोघं ती खारट भाजी मुकाट्यानं संपवत असू.

मांजरीलाही हाच न्याय. तिनं दूध सांडलं म्हणून मी तिला झाडू उगारला, तर साहेब बैठकीतून धावत आले. "बाजू ऐकून घेतल्याबिगर शिक्षा? हे काय राइस मिल हाय का?" मांजर मिशा चाटत बसली होती. साहेब म्हणाले, "मिशा चाटनं हा पुरावा नाही. संशय हाय." संशयाचा फायदा देऊन तिला सोडलं.

इथं मध्य प्रदेशात, बालाघाटला, नोकरीवरून काढलेल्या माणसाला कोर्टाच्या आवारात कोणीही, अगदी पानठेलेवालासुद्धा, एकच नाव सांगतो. लांजेवार साहेबांनी उभा जन्म कामगारांचीच बाजू मांडली. मालकाकडून एकदाही उभे राहिले नाहीत. नागपूरच्या एका मोठ्या कंपनीनं गाडी पाठवली होती म्हणतात. साहेबांनी ड्रायव्हरला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "ओव्हरटाइम भेटते का तुले?" नाही म्हटल्यावर त्याचाच अर्ज लिहून दिला. गाडी रिकामी परत गेली.

त्यांची उलटतपासणी ऐकायला दुसऱ्या कोर्टातले ज्युनियर येऊन मागे उभे राहत. उकव्याच्या खाणीकडच्या एका ठेकेदाराचा डंपर चालवणारा माणूस, ड्युटीवर झोपला म्हणून काढलेला. ठेकेदाराचा मॅनेजर साक्षीला आला आणि छाती काढून म्हणाला, "गाढ झोपला होता. मी स्वतः फोटो काढला."

"हलवून पायलं का त्याले?"

"नाही."

"हाक मारली?"

"नाही. फोटोच काढत होतो ना."

"म्हंजे भर उन्हात एक मानूस गाडीत निपचित पडला हाय," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "तो आजारी हाय का मेला, हे तुमी पायलं नाही. फोटो मात्र चांगला याले पायजे म्हणून दोन बाजूनं काढला. बराबर?"

मॅनेजर पाणी मागू लागला. तो ड्रायव्हर कामावर परत गेला.

माझं गाव इथून फार लांब, वाशीमकडे. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. गावच्या एका माणसाच्या ओळखीनं इथं वारासिवनी रोडवरच्या राइस मिलमध्ये लागलो. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान उकडायच्या टाक्यांवर माझं काम. एका सकाळी गेटवरच्या माणसानं मला आत सोडलंच नाही. "कल से मत आना," म्हणाला. काहून ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी साहेबांसमोर जाऊन रडलो, "मला काढलं."

"काढलं म्हणाचं नाही. काढल्याचा कागद हाय का? नाही. उद्या ते म्हणतील, हाच पळून गेलता. तू म्हण, मले कामावर येऊ देल्लं नाही."

मी ते वाक्य पाठ केलं. आईला फोनवरही तसंच सांगितलं. आई म्हणाली, "काहून रे, नदीले पूर आला का?"

मिलची खोली गेली होती. साहेबांनी घरामागची खोली उघडून दिली. साहेबांच्या बाई वारून बरेच दिवस झाले होते, मूलबाळ नव्हतं, आणि साहेब मेसचा डबा खात. मी स्वयंपाक करायला लागलो. निकाल लागेपर्यंत, असं ठरलं. मी त्यांच्या उपकाराखाली इतका दबून गेलो होतो की पोळी जरा करपली तरी मला वाटे, आता इथलंही गेट बंद. आणि साहेब करपलेल्या पोळीची चौकशी लावून मला निर्दोष सोडत.

गावाकडे माझी एके ठिकाणी बोलणी झाली होती. मुलगी मी एकदाच पाहिली होती, पण विचार रोज करायचो. तिच्या मामाचा फोन यायचा, "जवाईबापू, मिलचं काय झालं?" मी म्हणायचो, केस चालू आहे. मामा म्हणायचा, "आमी पोरगी मिलवाल्याले देऊन राह्यलो. वकिलाच्या सैपाक्याले नाही."

एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मिलचे वकील स्वतः चालत आले. "लांजेवारजी, मिटवून टाकू. सोमवारपासून पाठवा याला. नवीन नेमणूक देतो."

सोमवार! मी मनातल्या मनात मामाला फोनही लावला.

साहेब म्हणाले, "नवीन? हा मानूस नवीन हाय का? याचे हात पाहा, धानाच्या वाफेनं सोलून निघाले हायेत. याची मागची नोकरी पुसून टाकाची आन् कोरा मानूस म्हणून घ्याचा? परत पाठवाचं तर सेवेत सातत्य देऊन पाठवा. नाही तर लढतो."

मग माझ्याकडे वळून, "काय गजानन?"

मी आठवी शिकलेला. साहेबांनी विचारलं की माझी मान आपोआप हलते. ती हलली. मिलचे वकील खांदे उडवून निघून गेले. मामाचा फोन पुढच्या महिन्यात आला, शेवटचा.

मग नुसत्या तारखा. हळूहळू समोरचे लोक येईनासे झाले. साहेब खूश. "घाबरले! कायदा समजला त्याहिले." एका ऑटोवाल्यानं मला सांगितलं की मिल बंद पडली, मशीन ट्रकात भरून नेली. मी धावत साहेबांकडे गेलो.

"बंद केल्याची नोटीस आली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी."

"कामगाराहिले कळवलं? सरकारले कळवलं?"

"मला काय माहीत?"

"मंग कायद्यानं मिल चालू हाय."

मिली तशाही धान संपलं की बंद राहतात. मशीन दुरुस्तीला नेली असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या रस्त्यानं जायची मला हिंमत नव्हती. साहेब चालू म्हणतात ना, मग चालू.

शेवटी निकाल लागला. एकतर्फी, पण काय निकाल! गजाननला मूळ जागेवर, सेवेत सातत्य देऊन परत घ्या. साहेबांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. "आता इज्जतीनं ड्युटीवर जाचं," म्हणाले. स्वतः काळा कोट घालून माझ्यासोबत ऑटोत बसले.

मिलचं गेट होतं त्याच जागी. पण त्यावर झेंडूची माळ होती. आत धान वाळवायच्या फरशीवर मंडप, टाक्यांच्या जागी स्टेज, आणि डीजे लावून पोरं नाचत होती. मिलचं लग्नाचं लॉन झालं होतं.

साहेब ऑटोतून उतरले. कोट नीट केला. गेटावरच्या सूटवाल्या माणसानं हात जोडले, "आओ काकाजी! लडकीवाले की लडकेवाले?"

"कामगारवाले," साहेब म्हणाले. "व्यवस्थापन कुठं बसते?"

"खाना उधर है."

साहेब एकेकाला गाठत राहिले. "हा गजानन कामावर हजर झाला हाय. याले रुजू कोन करून घेईन?" कोणी नवरदेवाच्या काकाकडे बोट दाखवलं, कोणी डीजेवाल्याकडे. काकानं निकालाचा कागद आहेर समजून कपाळाला लावला आणि साहेबांना हाताला धरून पंगतीत बसवलं. मी मागे उभा होतो. स्टेजवर माझ्या टाकीची नेमकी जागा मी शोधत होतो. तिथं गुलाबी पडदा होता.

साहेबांनी जिलबी हातात घेतली, तशीच परत ठेवली आणि मला बाजूला बसायला सांगितलं.

"गजा, त्या दिवशी तुले सोमवारी जाऊ द्याले पायजे होतं."

"असं काहून म्हणता साहेब? तुम्ही कायद्यानंच बोलले."

"कायदा बराबरच होता." ते पत्रावळीकडे पाहत होते. "पन त्याच्या आदल्या दिवशी मले ताप होता. तू डोक्यावर पट्ट्या ठेवत बसला होता. तुले आठवत नसन. दुसऱ्या दिवशी तो मिलचा वकील सोमवार म्हणाला, आन् मले एकदम वाटलं, हा गेला तर घरी कोन? तवा तोंडातून सातत्य निंघालं. माह्यातला वकील बोलला का मी बोललो, हे मले आजपावतो ठरवता नाही आलं."

डीजे इतका मोठा होता की त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. मला ते पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मामाचा आवाज, ती एकदाच पाहिलेली मुलगी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. राग यायला पाहिजे होता. मी शोधला, पण आला नाही. या परगावात मला ताप आला तर कपाळावर हात ठेवणारंही दुसरं कोण होतं?

मी उठून भटारखान्याकडे गेलो, नुसतं तोंड लपवायला. तिथं बोंबाबोंब चालू होती. पुऱ्या तळणारा आलाच नव्हता, तेलातून धूर निघत होता. मी कढई उतरवली, जाळ कमी केला आणि झारा हातात घेतला. घाण्यामागून घाणे काढत गेलो. काही तरी करत राहिलो म्हणजे रडू येत नाही.

केटरर जवळ येऊन पाहत होता. "भाऊ, कहाँ के हो? अपने को पक्का मानूस पाह्यजे. इथंच राह्याचं. सीझनभर बैहर, बिरसा, सगळीकडे जाचं. आजपासून लागते का?"

मी सवयीनं वळून पाहिलं. साहेब मागे येऊन उभे होते.

मला वाटलं, आता विचारतील. नेमणुकीचा कागद कुठाय, कामाचे तास किती, सुट्टी किती. त्यांचे ओठ हललेसुद्धा. केटररकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं.

"हो म्हण," साहेब म्हणाले.

"साहेब, पण तुमचं रात्रीचं जेवण..."

"हो म्हण, गजा."

मी हो म्हणालो. केटररनं मला लगेच पुढचं पीठ दाखवलं. मी म्हणालो, साहेबांना ऑटोत बसवून येतो. साहेबांनी हात वर केला. "ड्युटी लागली हाय तुही," म्हणाले आणि पंगतीच्या कडेकडेनं गेटाकडे चालू लागले. काळा कोट पाहून वरातीतली पोरं नाचता नाचता त्यांना वाट करून देत होती.

भटारखान्यातून रस्ता दिसतो. साहेब ऑटोत चढले, आणि येताना माझ्या शेजारी बसले होते तसेच एका कडेला, अंग चोरून बसले. ऑटोवाला काही तरी बोलला. बहुतेक म्हणाला असेल, काकाजी, आरामात बसा, आता कोणी यायचं नाही. साहेबांनी मान हलवली.

ऑटो वळणापर्यंत गेली तरी ते त्याच कडेला बसलेले होते.